लाकडी ठोकळा आणि बांधावरचा फोन

१९९४ साली कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये जेफ हॉकिन्स नावाचा इंजिनिअर लाकूड कापत होता. शर्टाच्या खिशात मावेल एवढा ठोकळा त्याने काढला, त्यावर पडद्याचं चित्र असलेला कागद लावला, एका चॉपस्टिकला टोक काढून तिची लेखणी केली आणि हे सामान खिशात टाकून तो कित्येक आठवडे हिंडला. कुणी त्याला भेटीची वेळ मागितली की तो ठोकळा बाहेर काढायचा, त्यावर चॉपस्टिकने टकटक करायचा, वेळ लिहून घेतल्यासारखं करायचा आणि ठोकळा परत खिशात ठेवायचा. यंत्र अजून जन्मायचं होतं, प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नव्हती. तरी दिवसातून किती वेळा हे खिशातून काढावंसं वाटतं, काढल्यावर सगळ्यात आधी काय पाहावंसं वाटतं, कुठे हात अवघडतो, हे त्याला कळत गेलं.

तो ठोकळा आज माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. मोबाईल ॲप बनवण्याच्या धंद्याचा इतिहास लिहायला घेतला तर सुरुवात तिथूनच करावी. या धंद्यात पुढच्या तीस वर्षांत जे मोठे घोटाळे झाले, त्यातले बरेचसे असा ठोकळा खिशात घालून हिंडायला कुणाला सवड झाली नाही म्हणून झाले.

हॉकिन्सला ही बुद्धी आधी हात पोळल्यावर सुचली होती. त्याची पाम कंपनी १९९२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं सॉफ्टवेअर असलेलं झूमर नावाचं हातातलं यंत्र बाजारात आलं. यंत्र कॅसिओचं, विक्री टँडीची, मूळ प्रणाली जिओवर्क्सची. प्रत्येक भागीदाराला आपली एकेक गोष्ट त्यात हवी होती, आणि सगळ्यांचं ऐकता ऐकता यंत्र जड झालं, संथ झालं. कॅलेंडर उघडायला वाट पाहावी लागायची. तेवढ्या वेळात माणूस खिशातल्या डायरीत लिहून मोकळा होतो. झूमर चाललं नाही.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, ॲपलने न्यूटन आणलं. किंमत ६९९ डॉलर. माणसाने नेहमीच्या अक्षरात लिहावं आणि यंत्राने ते वाचावं, असा तो वायदा. ओळखीचं काम मॉस्कोत सुरू झालेल्या पॅराग्राफ या कंपनीचं होतं. अक्षरं सुटी न वाचता शब्दकोशातल्या शब्दांशी ताडून पाहायची ही पद्धत, त्यामुळे अंदाज चुकला की भलताच पूर्ण शब्द पडद्यावर यायचा. काही आठवड्यांतच डून्सबरी या लोकप्रिय व्यंगचित्रमालिकेने न्यूटनची यथेच्छ टिंगल केली. पुढच्या आवृत्त्यांत ही ओळख खूप सुधारली, पण पहिल्या महिन्यात गेलेलं नाव परत आलं नाही. १९९८ मध्ये ॲपलने न्यूटन बंद केलं. पहिल्या दिवशी अर्धकच्चं दिलं की नंतरची दुरुस्ती बघायला गिऱ्हाईक थांबत नाही, याचं हे मोबाईलच्या जगातलं पहिलं मोठं उदाहरण.

झूमर पडल्यावर पामच्या लोकांनी एक काम शहाणपणाचं केलं. ज्यांनी ते यंत्र विकत घेतलं होतं त्यांनाच विचारलं, की तुम्ही याचं करता काय. उत्तरांतून निघालं ते असं, की लोकांना खिशात दुसरा कॉम्प्युटर नको होता. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधली माहिती सोबत हवी होती आणि यंत्राची स्पर्धा होती कागदाशी. स्पर्धा कागदाशी आहे हे एकदा कळल्यावर पुढचे निर्णय सोपे झाले. हॉकिन्सने चार अटी घातल्या: खिशात मावलं पाहिजे, टेबलावरच्या कॉम्प्युटरशी जुळलं पाहिजे, झटपट चाललं पाहिजे आणि किंमत २९९ डॉलरच्या वर जाता कामा नये.

अक्षरओळखीचा पेच त्याने वेगळ्या बाजूने सोडवला. ग्राफिटी नावाची सोपी अक्षरं त्याने बनवली. प्रत्येक अक्षर जवळपास एका फटकाऱ्यात, लेखणी न उचलता लिहायचं, आणि तेही एकाच चौकटीत, एकावर एक. इंग्रजी ए लिहायचा तो मधली आडवी रेघ गाळून. मोडीचं दफ्तर पाहिलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल. आपल्याकडच्या कारकुनांनीही झपाट्याने लिहिता यावं म्हणून लेखणी कमीत कमी उचलणारी अक्षरं शतकानुशतकं वापरली होती. ग्राफिटी लोक थोड्या सरावात शिकले. यंत्राला सगळं यावं या हट्टापेक्षा माणसाने थोडंसं शिकणं स्वस्त पडलं, आणि चूक झाली तरी ती एका अक्षराची राहिली.

पडद्याची आखणी रॉब हैतानीकडे होती. पडदा १६० बाय १६० ठिपक्यांचा. आज घड्याळातसुद्धा याहून मोठा असतो. कुठलं काम दिवसातून किती वेळा होतं, हे त्याने पाहिलं आणि त्या हिशेबाने टिचक्या वाटून दिल्या. नवी नोंद वारंवार करावी लागते, तेव्हा तिचं बटण समोर. नोंद पुसायची वेळ क्वचित येते, तेव्हा ते बटण आत. कॉम्प्युटरवर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवायची रीत होती, कारण तर्काने त्या जोडीच्या. हैतानीने तर्क सोडून सवय धरली. पाममध्ये 'सेव्ह' नावाचं बटणच नव्हतं, लिहिलं की राहिलं. यंत्र सुरू केलं की लगेच सुरू.

जानेवारी १९९६ मध्ये पायलट या नावाने ते लोकांपुढे आलं. साध्या मॉडेलमध्ये १२८ किलोबाइट स्मृती, दोन छोट्या बॅटऱ्या, किंमत ठरल्याप्रमाणे २९९ डॉलर. साधारण दीड वर्षात दहा लाख यंत्रं खपली. बाहेरच्या हजारो प्रोग्रामरांनी पामसाठी छोटे प्रोग्राम लिहिले. हातातल्या यंत्रासाठी सॉफ्टवेअर लिहून पोट भरणारी पहिली मोठी बिरादरी ही.

फोनवरची कथा मात्र जवळपास शून्यापासून सुरू झाली. सन कंपनीने १९९९ मध्ये छोट्या यंत्रांसाठी जावाचं रूप आणलं, ते जे-टू-एम-ई म्हणून ओळखलं गेलं. एकदा लिहा, कुठेही चालवा, असं जावाचं वचन. प्रत्यक्षात प्रत्येक हँडसेटची तऱ्हा वेगळी. कुठे पडदा १२८ बाय १२८, कुठे १७६ बाय २०८. नोकियाच्या सुरुवातीच्या सिरीज ४० फोनांवर पूर्ण गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. डाव्या बाजूचं सॉफ्ट बटण दाबलं की नोकियाचा फोन उणे ६ हा आकडा देई, मोटोरोलाचा उणे २१. आकडा चुकला की गेममधून बाहेर पडायची वाटच बंद.

मुंबईत १९९९ मध्ये विशाल गोंदल यांनी सुरू केलेल्या इंडियागेम्सने याच काळात नाव कमावलं आणि पुढे डिस्नेने ती कंपनी घेतली. त्या दशकातल्या गेमच्या धंद्यात एक गेम लिहिण्याचं काम लहान असे. तो शेकडो हँडसेटांवर बसवण्याचं, म्हणजे पोर्टिंगचं, काम महामोठं. टेबलाच्या खणात जुने-नवे फोन भरलेले असत, आणि प्रत्येकावर तोच गेम हाताने खेळून पाहावा लागे. हे काम कंटाळवाणं आणि बिननावाचं, पण या धंद्याची खरी शाळा तीच होती. आपल्या हातातल्या एका फोनवर चाललं म्हणजे चाललं, या समजुतीतून बाहेर पडायला तो खण पुरेसा होता.

मग आयफोन आला. जून २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स बाहेरच्या प्रोग्रामरांना सांगत होता की ब्राउझरमधून चालणारी वेब ॲप लिहा. ऑक्टोबरात त्याने विचार बदलला. १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर उघडलं तेव्हा त्यात ५०० ॲप होती आणि पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत डाउनलोड एक कोटीवर गेले. ऑक्टोबरात अँड्रॉइडचंही दुकान उघडलं. पोर्टिंगचा जाच संपला असं काही काळ वाटलं खरं.

मराठीच्या दृष्टीने त्याच वर्षी एक छोटी गोष्ट घडली, तिची कुठे बातमी झाली नाही. एप्रिल २००८ च्या युनिकोड ५.१ आवृत्तीत 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. तोवर अ वर चंद्र लावून किंवा हिंदीच्या वळणाचा 'ऍ' घेऊन काम भागवावं लागे. म्हणजे 'ॲप' हा शब्द मराठीत नीट लिहायची सोय आणि ॲपचं दुकान यांत अवघ्या तीन महिन्यांचं अंतर. पण कोष्टकात अक्षर आलं म्हणून ते फोनवर दिसतंच असं नव्हे. अँड्रॉइडमध्ये देवनागरी नीट दिसायची सोय आली ती २०११ च्या अखेरच्या ४.० आवृत्तीत. त्याआधीच्या अनेक फोनांवर मराठीच्या जागी चौकोन दिसत, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. मराठी मजकुराचं चित्र करून ते चिकटवायचा उपाय तेव्हा बरेच जण करत. चित्रातला शब्द शोधता येत नाही, मोठा करता येत नाही, अंधांसाठी वाचून दाखवता येत नाही. भाषा शेवटी बघू म्हणून ठेवली की तिची ही गत होते, आणि अजूनही होते.

२०१२ हे या धंद्याचं कबुलीजबाबाचं वर्ष म्हणावं असं गेलं.

फेब्रुवारीत पाथ नावाच्या ॲपचं बिंग फुटलं. जवळच्या मोजक्या मित्रांसाठीचं हे देखणं ॲप. त्यातून काय काय बाहेर जातं हे सिंगापुरातल्या एका प्रोग्रामरने तपासलं, तेव्हा फोनमधली सगळी संपर्कयादी न विचारता कंपनीच्या सर्व्हरवर जाताना दिसली. मित्र शोधून द्यायला सोपं जावं म्हणून केलेली ही सोय होती. पण वहीतले नंबर ज्यांचे, त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. कंपनीने माफी मागितली, याद्या पुसल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना तिला आठ लाख डॉलर दंड भरावा लागला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतल्याचं प्रकरणही त्यात होतं. आज एखादं ॲप संपर्कयादी वाचण्याआधी परवानगी विचारतं, ती चौकट आयफोनवर २०१२ च्याच सप्टेंबरात आली.

दुसरी कबुली फेसबुकची. एकच वेबपान लिहून ते प्रत्येक फोनच्या ॲपमध्ये दाखवायचं, म्हणजे मेहनत एकदाच, असा त्यांचा बेत होता. जे-टू-एम-ईचं जुनं वचनच नव्या कपड्यांत परत आलं होतं. ॲप रखडायचं, बंद पडायचं, लोक वैतागायचे. ऑगस्टमध्ये आयफोनचं ॲप त्या फोनच्या स्वतःच्या भाषेत नव्याने लिहून काढलं, आणि सप्टेंबरात मार्क झुकरबर्गने जाहीर मंचावर मान्य केलं की वेबच्या तंत्रावर इतका भर देणं ही कंपनीची सगळ्यात मोठी चूक होती. एकदाच लिहून सगळीकडे चालवायचा मोह दर पिढीत नव्या नावाने येतो. कधी तो रास्तही असतो, छोट्या कंपनीला दोनदा लिहिणं परवडत नाही. पण स्वस्तातल्या फोनवर आणि कमजोर नेटवर्कवर तो काय भाव मागतो, हे आधी पाहावं लागतं.

तिसरी ॲपलची. सप्टेंबरात गूगलचे नकाशे काढून कंपनीने स्वतःचे नकाशे बसवले. पूल वितळल्यासारखे दिसू लागले, गावं सरकली. दहा दिवसांच्या आत कंपनीचा प्रमुख टिम कुकने जाहीर पत्र लिहून माफी मागितली आणि दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या कंपन्यांचे नकाशे वापरा असं सुचवलं. एवढ्या अभिमानी कंपनीने प्रतिस्पर्ध्यांची नावं स्वतः घेणं ही साधी गोष्ट नव्हती. डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युरा गावच्या पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं, कारण हा नकाशा मिल्ड्युराला जाणाऱ्यांना खऱ्या गावापासून सुमारे ७० किलोमीटर दूर, एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध नेत होता. तिथे पाणी नाही आणि उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत चढतो. काही प्रवासी तब्बल २४ तास अडकून पडले होते. नंतर कळलं ते असं, की सरकारी स्थळकोशात मिल्ड्युरा नावाच्या दोन नोंदी होत्या. एक गावाची, दुसरी त्याच नावाच्या विस्तीर्ण प्रशासकीय प्रदेशाची. माहिती चोख सरकारी होती. ती घेऊन एकदा त्या रस्त्याने कुणी जाऊन पाहिलं असतं तर रानात पोचल्यावर लगेच कळलं असतं.

आठ वर्षांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आणखी एक धडा मिळाला. ३ फेब्रुवारी २०२० च्या रात्री डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार-निवडीचे सुमारे १७०० केंद्रांवरचे निकाल एका नव्या ॲपमधून यायचे होते. ॲप घाईत बनलं होतं, आणि ते नेहमीच्या दुकानातून न देता चाचणीच्या आवृत्त्या वाटायच्या मार्गाने केंद्रप्रमुखांपर्यंत गेलं होतं. पुष्कळांना ते उतरवून घेता आलं नाही की उघडता आलं नाही. ज्यांनी आकडे भरले त्यांचे आकडे पुढे जाताना अर्धवट गेले. मग सगळ्यांनी फोन लावले आणि फोनच्या लाइनी तुंबल्या. निकाल कित्येक दिवस लांबले. वाचवलं ते कागदाने. प्रत्येक केंद्रावर नोंदी कागदावरही होत्या, म्हणून खरे आकडे शेवटी लावता आले.

महाराष्ट्रात या सगळ्याचा प्रत्यय एकाच महिन्यात दोन बाजूंनी आला. महिना ऑगस्ट २०२१.

राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. बालकांची वजनं-उंची, गरोदर मातांच्या नोंदी, आहारवाटप, गृहभेटी हे सगळं सेविका पूर्वी जाडजूड नोंदवह्यांत लिहीत. ते मोबाईलवर यावं म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांना सरकारी फोन मिळाले. २०२१ मध्ये आधीचं ॲप जाऊन केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं. फोन तेच, दोन जीबीचे, दोन-अडीच वर्षं वापरून दमलेले. नवं ॲप त्यात हँग होई, फोन तापे. त्याहून मोठी अडचण भाषेची होती. माहिती इंग्रजीत भरायची होती, आणि मराठीत शिकलेल्या, वीस-तीस वर्षं मराठीत चोख दफ्तर ठेवलेल्या बाईला बाळाचं नाव इंग्रजी स्पेलिंगने लिहायला सांगितलं जात होतं. घरच्या मुला-मुलींकडून माहिती भरून घ्यायची वेळ अनेकींवर आली. शेवटी सेविकांच्या संघटनांनी मोबाईल परत करण्याचं आंदोलन पुकारलं. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रकल्प कार्यालयांपुढे रांगा लागल्या आणि सेविकांनी फोन टेबलावर ठेवून दिले. त्यांनी काम नाकारलं नव्हतं. नोंदवहीत त्या काम करतच होत्या. काम करू न देणारं हत्यार तेवढं त्यांनी परत केलं.

त्याच महिन्याच्या १५ तारखेला महसूल आणि कृषी खात्यांनी टाटा ट्रस्टच्या मदतीने बनवलेलं ई-पीक पाहणी ॲप राज्यभर सुरू झालं. पिकाची नोंद गाव नमुना १२ मध्ये व्हायची, आणि ती करायचा तलाठी. सातबाऱ्यातला 'बारा' तो हाच. एका सझ्यात अनेक गावं, शेकडो गट, म्हणून नोंदी बऱ्याचदा चावडीत बसून मागच्या वर्षीवरून होत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांशासह तो पाठवायचा. माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीक पेरा, ही त्याची घोषणा. मागणी जुनी होती आणि कल्पना चांगलीच होती. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, सगळं त्या नोंदीवर टांगलेलं असतं.

पण शेतात रेंज नाही. सगळ्यांकडे स्मार्टफोन नाही. एकाच दिवशी गावंच्या गावं ॲप उघडून बसली की सर्व्हर दम तोडतो. पहिल्या हंगामात शेतकरी रेंजसाठी उंचवटे शोधत फिरले, आणि गावातल्या शिकलेल्या पोरांच्या भोवती घोळके जमले. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येईल अशी सोय ठेवलेली होती, ती इथे कामाला आली. कुणीतरी ॲप लिहिताना गावात फोन किती असतात याचा विचार केला होता.

खरीप २०२२ साठी दुसरी आवृत्ती आली, आणि तिच्यातले बदल वाचले की पहिल्या हंगामात बांधावर काय काय झालं ते समजतं. नोंद चुकली तर ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतःच दुरुस्त करता येईल. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं लिहिता येतील, कारण कापसात तूर, तुरीत मूग ही इथली रीत. फोटो काढताना गटापासून लांब उभे असाल तर ॲप तसं सांगेल. शेतकऱ्याने भरलेली नोंद ग्राह्य धरली जाईल, तलाठी दहा टक्के तपासेल. यातली एकही गोष्ट मुंबईच्या कचेरीत बसून सुचण्यासारखी नव्हती, ज्याने शेतात फोन उघडून पाहिला त्यालाच ती अडली.

पोषण ट्रॅकरमध्येही पुढे मराठीसह इतर भाषा आल्या आणि राज्यात सेविकांना नवे फोन मिळाले. ई-पीक पाहणीचं काम नंतर डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलं गेलं. ज्या गटांची नोंद शेतकऱ्याकडून राहून जाते, तिथे आता गावातला एक सहायक नेमलेला असतो. हंगामाच्या शेवटी तो फोन घेऊन निघतो, उरलेल्या गटांच्या बांधावर एकेक करून उभा राहतो आणि फोटो काढतो.